भाऊजींचा अर्धा कोर्स

डॉक्टरांचा आमच्या भाऊजींइतका अपमान करणारा माणूस उभ्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि तोही फी मोजून, वर नमस्कार करून! भाऊजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या की दुसऱ्या दिवशी ताप उतरताच हे थांबायचे. "गरम पडते ते औषध. बरं वाटून राह्यलं न, मंग कायले खा लागते?" पण उरलेल्या गोळ्या फेकतील तर ते भाऊजी कसले? त्यांची उष्णता निघावी म्हणून पाकिटं माठाखालच्या ओल्या वाळूत खुपसून ठेवायचे आणि कोणी कण्हलं की वाटायला निघायचे. शेजारच्या मेकॅनिक चाचांची दाढ, ताईची लघवीची जळजळ, माझी साधी सर्दी, सगळ्यांवर तीच लाल-पिवळी गोळी. मी एकदा कपाळाला हात लावून म्हणालो, "भाऊजी, सर्दीला ही चालत नाही हो!" तर म्हणाले, "तुले चालत नसंन, सर्दीले चालते."

कळस म्हणजे हा माणूस आर्णीला शेतकी खात्यात नोकरीला. कपाशीचे ते वाईट दिवस. बोंडअळी कशालाच दाद देत नव्हती. भाऊजी शेताच्या धुऱ्यावर उभे राहून शेतकऱ्यांना तळमळीने सांगायचे, "एकच औषध मारता, तेही अर्धवट. कच्ची अळी मरते, ढीट तेवढी उरते. मंग तिचीच पिल्लं वाढते." मी विचारलं, "आणि तुमच्या पोटातले जंतू?" "माणसाच्या पोटात राहून कोणाले अक्कल आली काय बाप्पा?"

मग एका उन्हाळ्यात ताईची जळजळ पुन्हा उसळली. भाऊजींनी वाळूतल्या दोन गोळ्या दिल्या, आणि तिला थंडी वाजून ताप भरला. यवतमाळला लघवी तपासली तर नेहमीच्या एकाही औषधाने ते जंतू मरेनात. "एकच इंजेक्शनचं औषध उरलंय, काही दिवस रोज टोचावं लागेल," डॉक्टर म्हणाले, "ते लागू पडलं तर वाचल्या." भाऊजी खुर्चीवर बसले ते उठेचनात. मला त्यांचा असा राग आला होता की बोलायची सोय नाही.

इंजेक्शन लागू पडलं. ताप उतरला तशी ताई म्हणाली, "मले बरं वाटून राह्यलं. चला घरी, आता कायले सुया?"

भाऊजींनी तिचा हात घट्ट धरला. "नाई," म्हणाले, "कोर्स पुरा होऊ दे. मले तू पुरी पाह्यजे."

मी त्यांना बरंच सुनवायचं ठरवून आलो होतो. ते राहूनच गेलं.