मालनचे कान

लालबागच्या मिरची गल्लीत मालन तेवीस वर्षं मसाला कांडायच्या यंत्रापाशी बसत होती. लोखंडी मुसळं धाडधाड आपटत, गिऱ्हाइकं ओरडून बोलत, आणि त्या गदारोळात हळकुंडाचा एखादा तुकडा अख्खा राहिला तर मालनला नुसत्या आवाजावरून कळे. हाक मारलेली तेवढी कळत नसे.

एप्रिलात मालक राकेशने "यंत्र थांबवा" म्हणून तीन हाका मारल्या. शेवटी खांद्याला हात लावावा लागला.

"मावशी, कानाचा दाखला आणा. नायतर मुसळापाशी नाही बसवणार. पाकिटं भरा."

पाकिटं भरणं म्हणजे मालनच्या लेखी वृद्धाश्रमच.

नवरा धोंडू मात्र खूश. "मी कधीचा सांगतोय गो, बहिरी झालीस म्हणून!"

परळच्या दवाखान्यात कान तपासणाऱ्या उर्वी नावाच्या मुलीने तिला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. "टीक टीक ऐकू आलं की दाबायचं, काकू."

टीक टीक सुरू झाली. मालन ढिम्म. आवाज थांबला रे थांबला की मात्र दर वेळी बटण दाबायची. उर्वी चक्रावून आत आली.

"काकू, चालू असताना का नाही दाबत?"

"चालू आहे ते काय सांगायचं? बिघडलं की सांगते."

उर्वीला हसू आवरेना. मग तिने समजावलं, की कान सगळंच आत सोडतो. लक्ष कशाकडे द्यायचं ते मेंदू ठरवतो. एकसारखं चाललेलं बाजूला टाकतो, बदल झाला की जागा होतो.

आपल्या डोक्यात बसून आपल्याला न विचारता कोणी निवडानिवड करतंय, याचं मालनला भारी नवल वाटलं. "मग हळकुंडाचं त्याला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच. रोज."

"आणि राकेशच्या हाका?"

"तो दिवसभर ओरडतच असेल."

"असतो," मालन म्हणाली.

दुसऱ्या खेपेला तिने सांगितल्याप्रमाणे बटण दाबलं. दोन्ही कान उत्तम निघाले. दाखला पाहून राकेशने डोकं खाजवलं. "उद्या सातला या. यापुढे हाक नाही मारत, डोक्यावरची बत्तीच बंद करतो."

घरी धोंडूने तो कागद दोनदा वाचला.

"म्हणजे तुला सगळं ऐकू येत होतं?"

"हो."

"मी बोलायचो तेसुद्धा?"

"कानात जात होतं, असं ती पोरगी म्हणते. सकाळी सातला जायचंय मला. डबा तुम्ही भरा."

धोंडूला हे दोनदा सांगावं लागलं.