शिवणकाकूंनी धरलेलं फाटक

गल्लीत घरं आठ, आणि पुढे रस्ता बंद. तोंडाशी लोखंडी फाटक होतं, ते धरून ठेवलं नाही तर आपोआप मिटायचं. फाटकाच्या लगतच्या घरात, खिडकीला टेकवलेल्या मशिनवर शिवणकाकू बसायच्या. सकाळी नवरा बस डेपोत कामाला गेला की त्या मशिनवर, आणि तो परतला तरी मशिनवरच. शाळेचे गणवेश, पडदे, पँटला दुमड घालणं, असली कामं. नाव त्यांनाही होतं, पण सतरा वर्षांत ते कुणी वापरलं नव्हतं.

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला फाटकाशी एक टेम्पो थांबला. दोन माणसं उतरली. एकाच्या गळ्यात मोजपट्टी, दुसऱ्याच्या कानावर पेन्सिल. ती दोघं थेट शेवटच्या घराकडे, मास्तरीणबाईंच्या घराकडे गेली. बाई एकट्या राहायच्या आणि सकाळीच शाळेत जायच्या. थोड्या वेळाने दोघं कपाट उचलून आले, पण फाटक मिटलेलं. काकू सुई तशीच टोचून उठल्या, बाहेर आल्या आणि फाटक धरून उभ्या राहिल्या.

"दुरुस्तीला वाटतं?" त्यांनी विचारलं.

"हो मावशी. बिजागऱ्या गेल्यात."

"कोपरा सांभाळा, पॉलिश जाईल."

दुसऱ्या खेपेला चादरीचं मोठं गाठोडं आलं. काकूंना वाटलं, कपाटातलेच कपडे असतील. दोघं घामाने निथळत होते, म्हणून त्यांनी आतून पाण्याची बाटली आणून दिली. मोजपट्टीवाल्याने ती घटाघटा संपवली, तोंड पुसलं आणि म्हणाला, "मावशी, हल्ली पाणीसुद्धा कोण विचारतं?" काकूंना बरं वाटलं. दिवसभर बरं वाटत राहिलं.

संध्याकाळी साडेपाचला बाईंची किंकाळी गल्लीभर ऐकू आली. दाराचा कोयंडा उचकटून लटकत होता. दागिने, मिक्सर, चांदीची दोन भांडी, सगळं साफ. पण बाई जमिनीवर बसून होत्या त्या कपाटाच्या रिकाम्या जागेकडे बघत. तळाच्या खणात सव्वीस वर्षांच्या वर्गांचे फोटो होते. दर वर्षी एक.

हवालदार आला. त्याने खिडकी पाहिली, मशिन पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही इथेच बसता ना? काही दिसलं?"

काकूंनी हातातला दोरा तोडला. "टेम्पो आला होता खरा," त्या म्हणाल्या. "पण माझं लक्ष कामात."

एवढंच. धादांत खोटं नव्हतं, खरंही नव्हतं. आणि एकदा तोंडातून गेलं ते गेलं.

रविवारी पोस्टातून निवृत्त झालेल्या अण्णांच्या अंगणात बैठक भरली. अण्णांना आयुष्यभर पत्रं पोचवल्यामुळे व्यवस्थेची फार हौस. त्यांनी एक वही काढली, एक शिट्टी काढली आणि दोन्ही काकूंच्या हातात ठेवली. "तुम्ही तशाही खिडकीतच असता. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद करायची. संशय आला की शिट्टी." सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनाच हायसं वाटलं, कारण काम दुसऱ्याच्या गळ्यात पडलं होतं. काकू नाही म्हणू शकल्या नाहीत. कुठल्या तोंडाने म्हणणार?

मग सुरू झालं ते जिवावर आलेलं काम. पाऊल वाजलं की मान वर, मान खाली, पुन्हा वर. गॅसवाल्याला दोनदा नाव विचारलं. अण्णांचा जावईच फाटकात अडकवला. तो बिचारा हातात पेढ्यांचा पुडा घेऊन दहा मिनिटं उन्हात उभा, आणि काकू त्याला विचारतायत, सासऱ्याचं पूर्ण नाव काय. अण्णांनी वरवर कौतुक केलं, पण दोन दिवस बोलले नाहीत. शाळेने अकरा शर्ट परत पाठवले, खिसे उजवीकडे लागले होते म्हणून. ते उसवताना काकूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं; रडू नव्हतं, नुसती आग.

"अगं, तू शिवतेस की पहारा देतेस?" नवरा जेवताना म्हणाला. "दे फेकून ती शिट्टी."

"नाही देता येत हो."

"का नाही देता येत?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. फाटक, बाटली, पॉलिश, सगळं. नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याने तो ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "हे मला सांगून काय उपयोग? बाईंना सांग."

चोरीला तीन आठवडे होऊन गेले होते. काकू दुसऱ्या दिवशी बाई शाळेतून यायची वाट बघत त्यांच्या पायरीवर बसल्या. बाईंनी नवं कुलूप उघडलं, पिशवी ठेवली, आणि काकूंनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"पाणी दिलंत?"

"हो."

"थंड?"

"फ्रीजमधलं."

बाई हसतील की मारतील हे त्या क्षणी सांगता आलं नसतं. त्यांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही. चपला पुन्हा पायात सरकवल्या आणि म्हणाल्या, "चला चौकीवर. तीन आठवडे! तीन आठवडे तुम्ही माझ्यासमोरून जाताय-येताय."

चौकीवर काकूंनी आठवून आठवून सांगितलं. मोजपट्टीवाल्याच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. टेम्पोच्या बाजूला दुकानाची पाटी होती, ती निळ्या रंगाने घाईत पुसलेली. कपडे शिवणाऱ्या बाईला रंग बरोबर दिसतात. कुठला निळा तेही त्यांनी सांगितलं. हवालदाराने लिहून घेतलं, पण उशीर झाल्याबद्दल चार शब्द सुनावलेच. येताना बाई रस्त्याच्या एका कडेने चालल्या, काकू दुसऱ्या.

टेम्पो मिळाला तो चोरीचाच निघाला. चोर काही सापडले नाहीत. कपाट मात्र एका भंगारवाल्याकडे मिळालं, दार फोडलेलं. तळाच्या खणातले फोटो चोरांना काय करायचे? सव्वीसातले एकोणीस शाबूत होते, बाकीचे ओलीने एकमेकांना चिकटलेले. बाईंनी ते घरी आणले, पण काकूंशी बोलणं ठेवलं नाही. पंधरा दिवस त्या फाटकातून मान खाली घालून गेल्या. काकू त्यांचीही नोंद वहीत करत राहिल्या. दुसरं काय करणार?

तोवर गोष्ट गल्लीभर झाली होती. पुढच्या बैठकीत अण्णा म्हणाले, "काकूंच्या हातून चूक झाली, आता त्यांनी अधिक डोळ्यांत तेल घालून..."

"थांबा अण्णा," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला. "मला राग आहे, आणि तो इतक्यात जाणार नाही. पण एक सांगते. त्या दिवशी यांना शंका आली असती, तरी मला विचारणार कशा? सतरा वर्षं शेजार, आणि यांच्याकडे माझा फोन नंबर नाही. माझ्याकडे यांचा नाही. तुमच्यापैकी कुणाकडे माझा नंबर आहे?"

अंगणात कुणीतरी खोकलं. दोघा-तिघांनी उगाच फोन चाचपले.

मग जे ठरलं ते साधंच होतं. आठही घरांचे नंबर प्रत्येकाकडे. घरी कामाला माणूस येणार असेल तर आधी शेजाऱ्याला कळवायचं. फाटकाला आतून कडी. आणि पहारा एकट्या काकूंचा नाही, पाळीपाळीने, एकेक दिवस प्रत्येक घराचा. शिट्टी अण्णांनी स्वतःकडे परत घेतली, थोड्या नाराजीनेच.

हे सगळं काही वर्षानुवर्षं काटेकोर चाललं असं नाही. चार महिन्यांत दोन घरांनी पाळी चुकवायला सुरुवात केली, एकाने तर उघडच सांगितलं की आपल्याला बसून कंटाळा येतो. नंबर मात्र राहिले. बाई आणि काकू बोलू लागल्या, आधी कामापुरतं, मग थोडं जास्त. पण पहिल्यासारखं होतं का, हे दोघींपैकी कुणी दुसरीला विचारलं नाही.

स्वतःच्या पाळीच्या दिवशी काकू खिडकीत बसतात. बाकीचे दिवस दुपारी जेवण झालं की पडदा ओढून घेतात आणि मशिनवर कापड टाकून तासभर आडव्या होतात. झोप लागतेच असं नाही. पण डोळे मिटलेले असतात, आणि सध्या त्यांना तेवढंही पुरतं.