हलू नकोस

पावसाळ्यात आमच्या नागावात पर्यटक फिरकत नाहीत. म्हणून खोल्या भाड्याने देणाऱ्या मंडळींनी श्रावणात किनाऱ्यावर धावण्याची शर्यत ठेवली आणि फोटो काढायचं काम मला दिलं. माझा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. शर्यतीत माझी बायकोही होती. हल्ली ती ओहोटी बघून रोज ओल्या वाळूवर धावायची. तिची एक जुनी तक्रार होती : जगाचे फोटो काढता, माझा एक धड नाही. खोटं कशाला बोलू, माझ्या प्रत्येक फोटोत ती आधार कार्डावरच्यासारखी दिसते. या वेळी तिचा एक तरी फोटो जमवायचाच, असं मी ठरवलं होतं.

सकाळपासून पाऊस आडवा मारत होता. सुरूच्या झाडांखाली उभं राहूनही उपयोग नव्हता. तेवढ्यात मुंबईचा एक हौशी फोटोग्राफर उगवला, कुणाच्या तरी घरी उतरलेला पाहुणा. त्याच्या कॅमेऱ्याला बेतून शिवलेला रेनकोट होता, माझ्या कॅमेऱ्याला मिठाईची पिशवी आणि रबरबँड. तो माझ्या मागे काही अंतरावर चिखलवाळूत सरळ पालथा पडला. मी तसा पडलो असतो तर उठवायला माणसं लागली असती. मला त्याच्या कॅमेऱ्याचा हेवा वाटलाच, पण खरं सांगायचं तर सपाट पोटाचा जास्त वाटला.

लग्नात आमचं सगळं काम 'थांबा'वर चालतं. हार घालता घालता थांबा, मंगळसूत्र बांधता बांधता थांबा. आमच्यासाठी भटजीसुद्धा थांबतात. बायको धावत समोर आली आणि सवयीने माझा हात वर गेला. "थांब, हलू नकोस," मी म्हणालो.

आणि ती थांबली. ओले केस कानामागे घेतले, मी इतकी वर्षं शिकवलंय तशी हनुवटी खाली केली. तेवढ्यात दोघीजणी तिच्या पुढे निघून गेल्या. मग तिला भान आलं आणि ती पळाली. फोटो पाहिला. आधार कार्ड, फक्त भिजलेलं.

परतताना ती पाण्याच्या कडेने आली. वारा पावसाचं पाणी तोंडावर मारत होता, माझ्या लेन्सवर वाफ धरली होती. ती मोकळेपणाने, सगळे दात दाखवून हसत होती. तसं हसताना मी तिला घरात कधी पाहिलं नव्हतं. माझ्या कॅमेऱ्यात नुसता पांढरा डाग उमटला. ती माझ्या मागच्या त्या पालथ्या माणसाकडे बघून हसली, याबद्दल मला शंका नव्हती. ती चौथी आली, बक्षीस तिघींनाच होतं. जेवताना मी पावसाला शिव्या घातल्या, तर ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

चार दिवसांनी त्या मुंबईकराने काढलेला तिचा तो हसतानाचा फोटो तिच्या मोबाइलवर आला. असा फोटो मला जन्मात जमणार नाही, हे बघताक्षणी कळलं आणि मी मनापासून जळलो. वर तो मोठा छापून द्यायचं काम माझ्याकडेच.

स्टुडिओत स्क्रीनवर मोठा केल्यावर दिसलं, फोटोच्या कडेला एक पुसट हात होता. वर केलेला, माझ्या निळ्या रेनकोटच्या बाहीतला. दुसऱ्यांदाही तो वर गेला होता आणि मला पत्ताच नव्हता. मी कड कापायला घेतली. ती माझ्या खुर्चीमागे उभी होती.

"अहो, तो हात राहू द्या," ती म्हणाली. "तो बघूनच तर हसू आलं मला. म्हटलं, आता नाही थांबायचं."

फोटो आता बाहेरच्या खोलीत लावलाय. येणारा-जाणारा कौतुकाने विचारतो, तुम्ही काढलात वाटतं. मी कडेला बोट दाखवून सांगतो, नाही, मी तो हात.