दहा व्होल्टचा डबा

मी अमरावतीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा असिस्टंट होतो, तेव्हा अकोटहून एक मीटर दुरुस्त करणारा माणूस आला होता. दुपट्ट्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून आणलेला स्टीलचा डबा त्याने अलगद टेबलावर ठेवला. डबा त्यानेच बनवला होता. त्यातून नेमके दहा व्होल्ट मिळायचे आणि त्यावर तो गावातल्या वायरमन लोकांची मीटर तपासायचा. आता डबाच आमच्या भारी मीटरवर एकदा पडताळून हवा होता.

"अर्धा तास गरम होऊ द्या साहेब. थंडा असला का खोटं बोलते थो."

डबा चालू करून तो चहा प्यायला गेला. मला घरी जायची घाई होती. मी आमचं मीटर कपाटातून काढलंच नाही.

तो परतल्यावर म्हणालो, "एकदम बरोबर. दहा."

त्याने झाकणावर चिकटपट्टी लावली, 'तपासलं, अमरावती' असं लिहिलं आणि फुंकर मारून शाई वाळवली.

"आता अकोटातले सारे मीटर तुमच्या भरोशावर हायेत."

अकोटची एसटी दिसली की मी अजून दुसरीकडे बघतो. डबा बरोबरही असेल. पण ते मला ठाऊक नाही, आणि त्याला वाटतं, मला ठाऊक आहे.