वन्संची बोटांची शाळा

जगातल्या निम्म्या दुःखांचं कारण एकच आहे, ते म्हणजे लहानपणी माणसाच्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला पुरेसं काम मिळालेलं नसतं, असं माझ्या मोठ्या नणंदेचं ठाम मत आहे. उरलेल्या निम्म्या दुःखांचा त्यांनी अजून विचार केलेला नाही, कारण त्यांना वेळ मिळत नाही. घरी वीजवाला आला आणि त्याच्या हातून स्क्रू निसटून कपाटाखाली गेला, की बाकीचे लोक वैतागतात, वन्सं कळवळतात. "बिचाऱ्याला लहानपणी कुणी कणकेशी खेळूच दिलं नसणार," असं माझ्या कानाशी येऊन सांगतात आणि त्याला चहा जरा जास्त गोड करून देतात. उलट, आमच्या या हिंदीभाषक शहरातल्या मुरारच्या बाजारात गजरे ओवणाऱ्या बाईसमोर त्या इतका वेळ उभ्या राहतात की ती बाई शेवटी घाबरून विचारते, "क्या हुआ बहनजी, फूल बासी हैं क्या?" वन्संचं फुलांकडे लक्षही नसतं. त्या तिची बोटं बघत असतात, लोक क्रिकेटची मॅच बघतात तशी.

मला दाखवण्याच्या कार्यक्रमात बाकीच्यांनी स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, असं रीतसर विचारलं. वन्संनी काहीच विचारलं नाही. त्यांनी पर्समधून लोकरीचा एक भयंकर गुंता काढला, माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "सहज, गप्पा मारता मारता सोडव बघू." माझी आई पांढरीफटक पडली. मी मान खाली घालून तो गुंता सोडवत बसले आणि त्यामुळे सगळ्यांचा समज झाला की मुलगी फार सालस आहे. लग्नानंतर वन्संनी सांगितलं, "कात्री मागितली असतीस ना, तर माझा नकार होता."

त्या राहतात दर्पण कॉलनीत. त्यांच्या घरी रिकाम्या हातानं बसता येत नाही. हिवाळ्यात पाहुण्यापुढे पाण्याच्या आधी मटारची परात येते, उन्हाळ्यात चिंच. एकदा त्यांच्या यजमानांचे बँकेतले मोठे साहेब रिटायर होण्याआधी भेटायला आले, तर तासाभरानं ते निघाले तेव्हा अर्धा किलो मेथी निवडून झालेली होती. गच्चीवर कपडे वाळत घातलेले असतात, पण चिमटे एकाही कपड्याला नसतात. ते शाळेत गेलेले असतात. मेमध्ये लू, म्हणजे तो भाजणारा वारा, सुटली की यजमानांचे बनियन कॉलनीभर उडतात आणि शेजारी ते घडी करून आणून देतात. यजमान सज्जन आहेत. ते फक्त एवढंच म्हणतात, "आमच्या घरात चिमटे शिक्षणखात्याकडे आहेत."

शाळा म्हणजे शिंदे की छावनीतली एक लहानशी शाळा, आणि वन्सं शिकवतात तो तिथला नर्सरीचा वर्ग. मी तिकडे शिंप्याकडे गेले की वर्गात डोकावते. मला तरी तो वर्ग वाटत नाही. लग्नघराच्या मागच्या बाजूला चाललेली गडबड वाटते. एका कोपऱ्यात चार मुलं पुठ्ठ्याच्या गोल तुकड्याला कडेकडेनं कपड्यांचे चिमटे लावून सूर्य करत असतात. दुसऱ्या कोपऱ्यात एकजण जीभ बाहेर काढून साखरेच्या चिमट्यानं एकेक राजमा या वाटीतून त्या वाटीत नेत असतो. कुणी ओला स्पंज पिळतंय, कुणी जुनी वर्तमानपत्रं अगदी मन लावून फाडतंय, कुणी बुटाच्या नाडीत मॅकरोनी ओवतंय. पेन्सिल मात्र दिसत नाही. "हातात जोर यायच्या आधी पेन्सिल दिली तर मूल अक्षर नाही शिकत, अक्षराला भ्यायला शिकतं," हे वन्संचं म्हणणं. मला ते पटतं. पालकांना पटत नाही. वर्षातून निदान एकदा कुणाचे तरी वडील कोरी वही हातात घेऊन येतात. "मैडम, पड़ोसी का बच्चा पूरा नाम लिखता है, और हमारा राजमा उठाता है!" मोठ्या बाई वन्संना बोलावून घेतात, वन्सं त्यांना अंगठ्याचं महत्त्व समजावतात, आणि मोठ्या बाई कपाळाला हात लावतात. गेल्या वर्षी मात्र त्यांनी स्पष्टच सांगितलं, की आणखी एक तक्रार आली तर वर्ग काढून घेऊन लायब्ररीत बसवावं लागेल.

त्याच वर्षी वन्संच्या वर्गात परी आली. गोरीगोमटी, गुबगुबीत, आणि बोटं लोण्याची. घरात चपला कुणीतरी घालायचं, तोंड कुणीतरी धुवायचं, आणि घास आजी भरवायची. मधल्या सुट्टीत डबा पुढे करून ती म्हणायची, "मैडम, खोल दो." वन्संनी महिनाभर तिला स्पंज पिळायला लावला, चिमटे लावायला लावले, आणि राखीच्या सुट्टीनंतर एक दिवस ठरवलं की आज हिनंच डबा उघडायचा. परी रडली. वन्सं शेजारी बसल्या, आपलाही डबा उघडला नाही. "तू खोल, फिर दोनों खाएँगे." परीनं एकदा झाकणाला हात लावला आणि मागे घेतला. सुट्टी संपली. मग शाळा सुटली. डबा बंदच राहिला, आणि मूल उपाशी घरी गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीची आजी शाळेत हजर. मी योगायोगानं तिथेच होते. वन्संना यजमानांचा निरोप द्यायला आले होते. आजी उंच, ताठ, डोक्यावर पदर, आणि आवाज असा की बाजूच्या वर्गातले पाढे थांबले. "मेरी बच्ची भूखी लौटी कल! आप टीचर हैं कि थानेदार?" मोठ्या बाई धावत आल्या. मी मनात म्हटलं, झालं, आता वन्सं अंगठ्यावर भाषण देणार आणि दुपारपर्यंत लायब्ररीत जाणार.

पण वन्सं उभ्या राहिल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "गलती हुई, अम्माजी. भूखा नहीं भेजना था. सारी रात मुझे भी नींद नहीं आई."

भांडायला आलेल्या माणसाला समोरून भांडण मिळालं नाही की तो कावराबावरा होतो. आजी लहान मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीवर बसल्या. पदराशी चाळा करत निम्म्या आवाजात बोलल्या, "रसोई बहू की हो गई. दुकान बेटे की. मेरे पास यही एक काम बचा है, इसे खिलाना. ये भी सीख गई, तो मैं क्या करूँगी?"

मोठ्या बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मला वाटलं आपण इथे असायला नको होतं. वन्संनी कपाटातून कापसाचा पुडा काढला. "अम्माजी, बाती बनाना आता है?"

"वो किसे नहीं आता?"

"इन्हें नहीं आता," वन्सं म्हणाल्या आणि वर्गाकडे हात केला.

त्या दिवसापासून आजी दर शुक्रवारी येऊ लागल्या. मुलं त्यांच्याभोवती बसून वाती वळायची. सुरवातीच्या वाती अशा, की एकेक मुळ्याएवढी. आजी त्या उचलून सगळ्यांना दाखवायच्या, "ये बाती है कि चूहा?" आणि वर्ग हसून लोळायचा. मोठ्या बाईंनीही एकदा येऊन वात वळून पाहिली. तीही उंदरासारखीच झाली, आणि त्यानंतर लायब्ररीचा विषय निघाला नाही. असेच दिवस गेले. एका शुक्रवारी आजी कुणाची तरी वात उलगडून पुन्हा वळण्यात गढल्या होत्या, तेवढ्यात मधली सुट्टी झाली. परीनं आजीची वाट पाहिली. मग पोटाशी धरून, दात आवळून, तिनं आपला डबा स्वतःच उघडला. पराठ्याचा वेडावाकडा तुकडा तोडला, आजीसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दादी, मुँह खोलो."

हे सगळं वन्संनी मला संध्याकाळी फोनवर सांगितलं. आजी घास तोंडात धरून बसूनच राहिल्या, चावायचं विसरल्या, असं म्हणता म्हणता वन्संचा स्वतःचा आवाज बारीक झाला. मी म्हटलं, "वन्सं, जिंकलात की तुम्ही!"

त्या एकदम म्हणाल्या, "अगं, माझ्या मुलाला मी सगळं केवढं लवकर शिकवलं. शाळेत जायच्या आधी नाडी बांधायचा, पोळी लाटायचा. मी कॉलनीभर मिरवत होते. आता तिकडे बंगळूरला एकटा राहतो, आणि फोन केला की म्हणतो, आई, कुछ नहीं चाहिए, मैं सब कर लेता हूँ. मी घाई केली का गं थोडी?"

इतक्या वर्षांत वन्संनी मला कधी असा प्रश्न विचारला नव्हता. "दिवाळीला येतोय ना तो," एवढंच मी म्हटलं.

तो आला. चार दिवस राहिला, आल्या दिवसापासून स्वतःचा चहा स्वतः करून घेतला, ताट उचललं, अंथरुणाची घडी केली. वन्सं दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता, आणि आणखी काहीतरी होतं. तो निघाला त्या सकाळी आम्ही दोघं नवराबायको भेटायला गेलो होतो. टॅक्सी खाली येऊन उभी, बॅग दाराशी, आणि ऐन वेळी त्याला ऑफिसचा फोन आला. एका हातात फोन, दुसऱ्या हाताची बाही उघडी. तो हिंदी-इंग्रजीत कुणाशी तरी भराभर बोलत होता, आणि बोलता बोलताच, न बघता, त्यानं तो हात आईपुढे केला.

वन्संनी त्याचं मनगट धरलं. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. यजमानांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बॅग घेऊन जिना उतरले. बाहीचं ते एक बटण लावायला वन्संना फार वेळ लागला.