कौसामावशीचा वानवळा

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या शेडमालकाने आमच्या कौसामावशीला फसवलं. उन्हाळ्यात तिची विहीर आटली, तेव्हा त्याने शेडचं सांडपाणी तिच्या वाफ्यांत सोडलं. म्हणाला, "चांगलं पाणी आहे, वाया जातंय, घ्या." चौसाळ्याकडे उन्हाळ्यात फुकट पाणी देणारा माणूस देवच वाटतो.

मी भाजीचा व्यापारी. हातगाडीवरून गाळ्यापर्यंत आलो तो भाव पाडूनच. पण मावशीपुढे माझी डाळ शिजत नसे. पहिल्या तोडीचा वानवळा घरोघर गेल्याशिवाय ती भाजी तराजूला लावू देत नसे. मी टेम्पोपाशी धुमसत उभा, आणि ही शेजाऱ्यांसाठी जुड्या बांधत बसलेली.

"मावशी, ऊन चढलं. पालक मान टाकतोय."

"तू न्हाई ना टाकली? मग थांब."

"भाव पडेल."

"तू हायेस तवर तो चढलाय कवा?"

सगळ्यात मोठी जुडी शेडमालकाची. "त्याच्या पाण्यावर पिकतंय, त्याला आदी," म्हणायची आणि स्वतः गेटवर नेऊन द्यायची. एकदा तिने त्याला आंबट चुका दिला. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मावशी, पालक लई गोड होता." मावशी दिवसभर हसली. "मोठ्याच्या घरात चुका बी गोड लागतो बग."

पुढे वाफ्याकडेच्या गवतावर चरणारी तिची म्हैस लुळी पडून मेली. मला शंका आली. मी पालक तपासायला दिला. पानांत शिसं निघालं. धुऊन जाणारं नाही, शिजवून जाणारं नाही. मावशी म्हणाली, "मी हातानं वाटलं की रे." ज्या ज्या घरी वानवळा दिला होता, तिथे ती स्वतः गेली आणि सांगून आली. मग उभे वाफे उपटून शेडच्या गेटसमोर ढीग घातला.

मालक बाहेर आला. "पाण्यात असलं काही असतं, हे मला तरी कुठे माहीत होतं, मावशी?"

"चुका दिला तर पालक गोड म्हणालतास."

गेटवरचा राखणदार मान खाली घालून म्हणाला, "भाजी घरात जातच नव्हती, मावशी. मागच्या खड्ड्यात टाकायचा हुकूम होता. पैल्या दिवसापासून."

"माहीत न्हवतं, तर माझा वानवळा कावून न्हाई खाल्ला?" मावशीने विचारलं.

त्याने गेट लावून घेतलं.

गेल्या वर्षी मावशी गेली. वय झालं होतं. तिचं मरण मी त्याच्या माथी मारत नाही. शेड चालूच आहे. तक्रार केली की साहेब म्हणतात, बघू. मी जन्मभर घासाघीस केली, पण या सौद्यात एक पैसाही खाली येणार नाही. भरपाई नको, हात जोडणं तर नकोच, ते त्याला फार छान जमतं. ज्या ज्या घरात ती भाजी शिजली, लेकरांनी खाल्ली, त्या प्रत्येक दारात त्याने उभं राहावं आणि मावशीच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं. कावून न्हाई खाल्ला?