होडीतल्या दोन भिंती

नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या संशोधनामुळे आम्ही जपानमध्ये सेंदाईला राहत होतो. त्याच्या प्रोफेसरांच्या पत्नी पन्नाशी उलटलेल्या; त्यांना समुद्रात कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची निमुळती, वरून बंद होडी, चालवायचं वेड होतं. एका रविवारी त्या मला खाडीवर घेऊन गेल्या.

त्यांच्याकडे दोन कयाक होत्या. जुनीचं आत बसायचं तोंड जेमतेम परातीएवढं, गोल. मागे हात टेकून, पाय सरळ ठेवून त्या तिच्यात सरकत शिरल्या. ते बघून मी विचारलं,

"मी आत अडकले तर?"

"म्हणून तुमच्यासाठी ती नवी, ओकुसान." जपानीत ओकुसान म्हणजे बाईसाहेब.

नवीचं तोंड लांबट होतं. आधी बसायचं, मग एकेक गुडघा आत घ्यायचा. बसल्यावर मात्र मांड्या दोन्हीकडून घट्ट टेकल्या. "सैल बसलात तर होडी तुमचं ऐकणार नाही," त्या म्हणाल्या. पाणी आत येऊ नये म्हणून माझ्या कमरेभोवतीचा रबरी घागरा त्यांनी होडीच्या तोंडावर ताणून बसवला आणि उलटले तर तो सोडवायला पुढची पट्टी ओढायची, हे माझ्याकडून चार वेळा करून घेतलं. "तुमच्या पाठीमागे एक भिंत आहे, पायांपुढे एक. त्यांच्यापलीकडे पाणी जात नाही." मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

दोन बेटांच्या मधे पर्यटकांची मोठी बोट गेली, तिची लाट आडवी आली आणि मी उलटले. डोकं खाली, नाकात खारं पाणी. हाताला पट्टी लागली, ओढली, आणि गुडघे आपोआप बाहेर सरकले. वर येऊन पाहते तर होडी बुडाली नव्हती. पालथी, पण अर्धीअधिक पाण्यावर, निवांत तरंगत होती.

बाई वल्हवत आल्या. त्यांनी माझ्या होडीचं नाक स्वतःच्या होडीवर ओढून घेतलं, तसं आतलं पाणी धो धो ओतलं गेलं. मागची भिंत पाठीला खेटूनच, त्यामुळे पाणी साठायला जागाच नव्हती. होडी सुलटी करून त्या म्हणाल्या, "पोटावर पालथं पडून वर चढा." मी चढले.

बेटावर पोचल्यावर त्यांनी माझ्या होडीचं मागचं झाकण उघडून टॉवेल काढला. कोरडा ठणठणीत. मी खांद्यापर्यंत हात आत घालून त्या भिंतीवर फिरवला. फायबरची पातळ फळी फक्त. पलीकडे माझी जागा अजून ठिबकत होती.

"ह्या भिंती पहिल्यापासून असतात?"

"माझ्या पहिल्या होडीत नव्हत्या. उलटली तेव्हा मागून भरली आणि पाण्यात खांबासारखी उभी राहिली. तासभर तिला धरून होते, मग एका मच्छीमारानं ओढून नेलं." हे त्यांनी चहा ओतता ओतता सांगितलं.

पुढच्या रविवारी किनाऱ्यालगत, कमरेएवढ्या पाण्यात, मीच त्यांना म्हटलं, "आज मुद्दाम उलटूया."